सुचण्याआधीचं काम

कळमनुरीच्या एखाद्या शाळेत स्नेहसंमेलनाला पाहुणा म्हणून कवी आला, की पोरांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "सर, तुम्हाला कविता सुचते कशी?" कवीचं उत्तरही बहुतेक ठरलेलंच. ती आतून येते, ती यावी लागते, ओढून आणता येत नाही. पोरं टाळ्या वाजवतात, पण हाती काही लागत नाही. आतून म्हणजे कुठून, येते म्हणजे नेमकं काय होतं, आणि एकाच बांधावर बसलेल्या दोघांपैकी एकालाच का येते, हे तसंच राहून जातं.

या प्रश्नाचं मराठीतलं सगळ्यांत नेमकं उत्तर पावणेचारशे वर्षांपूर्वी तुकोबांनी देऊन ठेवलेलं आहे, आणि त्या उत्तरात मधोमध बसलाय तो आपल्या भागातला माणूस. तुकोबा एका अभंगात सांगतात, की नामदेवांनी मला स्वप्नात जागं केलं, सोबत पांडुरंग होता. त्यांनी मला काम सांगितलं, कवित्व करायचं, उगाच वायफळ बोलायचं नाही. मापाची गोष्ट झाली, पाठीवर थाप बसली. मग हिशोब निघाला. नामदेवांनी शतकोटी अभंगांचा संकल्प सोडला होता, तो पुरा झाला नाही, तर उरलेले अभंग तू कर.

हे नामदेव म्हणजे हिंगोली तालुक्यातल्या कयाधूकाठच्या नरसीचे. 1270 चा जन्म. जन्मगाव नरसी की पंढरपूर यावर अभ्यासकांत वाद आहे. पण नरसीच्या माणसाशी तो घालण्यात अर्थ नाही. त्यांना गुरू भेटले ते विसोबा खेचर, औंढ्याच्या नागनाथाच्या देवळात, अशी परंपरा सांगते. हीच कयाधू पुढे कळमनुरी तालुक्यातून वाहत जाऊन पैनगंगेला मिळते. तेव्हा कविता कुठून येते याचा शोध घ्यायला कळमनुरीकराला फार लांब जायचं कारण नाही.

तुकोबांच्या स्वप्नात काय नाही, ते आधी पाहू. वीज चमकत नाही. सरस्वती येऊन जिभेवर काही लिहीत नाही. तंद्री नाही, आनंदाची लहर नाही. आहे ते काम, माप, मोजणी आणि दुसऱ्याचं राहिलेलं देणं. ही भाषा भावनेची कमी आणि खळ्यावरची जास्त आहे. मला वाटतं, कविता सुचण्याचा सगळा व्यवहार या चार गोष्टींत बसतो. सुचणं हा त्यातला मधला टप्पा. आपण तोच पहिला धरून चालतो, म्हणून सगळं गूढ वाटतं.

सुरुवात होते कानापासून. तुकोबांनी आपल्या पूर्वतयारीबद्दलही लिहून ठेवलं आहे. आपण संतांची वचनं आधी पाठ केली, आणि जे पुढे उभे राहून गात त्यांच्या मागे ध्रुपद धरलं, असं ते सांगतात. म्हणजे मराठीतला हा थोर कवी आधी टाळकरी होता. कीर्तनकार म्हणणार आणि आपण ती ओळ झेलून पुन्हा म्हणायची, हे काम त्यांनी मन लावून केलं. ते करताना अर्थ पोचत असेलच, पण त्याहून खोल जाऊन बसतं ते माप.

अभंगाचं माप म्हणजे काय, ते सोपं आहे. मोठ्या अभंगाच्या एका कडव्यात चार तुकडे असतात. पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा. दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकड्याचं यमक जुळतं, चौथा मोकळा सुटतो. छोट्या अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण असतात आणि शेवटी यमक. मात्रा-गणांचं शास्त्र इथे लागत नाही, अक्षरं मोजली की झालं. तीही कुणी बोटांवर मोजत नाही. लहानपणापासून काकड्याला आणि हरिपाठाला बसलेल्या माणसाचा कान पाचव्या अक्षरावर तुकडा संपला तर अडखळतो. शिंप्याच्या घरात जन्मलेल्या नामदेवांना मापाचं महत्त्व वेगळं सांगावं लागलं नसेल.

माप कानात मुरलं, की शब्द त्याच्याकडे धाव घेतात. याचा पुरावा आपल्या प्रत्येक लग्नात मिळतो. ज्या मामाने आयुष्यात कविता केली नाही, तो भाचीच्या लग्नाला मंगलाष्टक रचून आणतो. शार्दूलविक्रीडित वृत्त, एका चरणात एकोणीस अक्षरं, बाराव्यावर थांबा. मामाला यातलं काहीही ठाऊक नसतं. पण शंभर लग्नांत ऐकलेली चाल कानात असते, आणि नवरा-नवरीची नावं, दोन्हीकडच्या कुळांची नावं, एखादा स्वर्गवासी आजोबा, असं सगळं त्या चालीत बसत जातं. मंगलाष्टकं बहुधा कविता म्हणून सुमार असतात. ती का सुमार असतात, तेही पाहायचंच आहे. पण रचण्याची शक्ती थोड्या निवडक लोकांनाच मिळते, हा समज मात्र ती पार मोडून काढतात.

जात्यावरची ओवी याच कुळातली. पहाटे उठून ज्वारी दळणाऱ्या बाईला विषय शोधावा लागत नसे. जात्याचा फेरा लय देई आणि मोजणी पुढचं देई. पहिली ओवी देवाला, दुसरी आईबापाला, तिसरी भावाला, अशी गणती चालू झाली की पुढची कुणाला, हा प्रश्न आपोआप पडतो आणि त्याचं उत्तर म्हणजे पुढची ओवी. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा ओव्या गोळा केल्या, त्या लाखाच्या वर भरल्या. एक लाख ओव्या, आणि त्या रचणाऱ्यांत स्वतःला कवयित्री म्हणवणारी एकही बाई सापडणं अवघड.

गंगाखेडच्या जनाबाई नामदेवांच्या घरी दळण-कांडण करत होत्या, आणि त्यांच्या अभंगांत देव येतो तो या कामांना हात लावायलाच येतो. जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरींचंही तेच. 1880 चा जन्म, अक्षरओळख नाही, तिशीत वैधव्य, घर आणि शेत. गाणी निघाली ती कामात. मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी ती कागदावर उतरवली. 1951 साली बहिणाबाई गेल्या, आणि आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती पुस्तकरूपाने आली 1952 मध्ये. घरात कुणी वही घेऊन बसणारं नसतं तर एक मोठी कवयित्री आपल्याला माहीतही झाली नसती. मग मराठवाड्यात अशा किती जणी वहीविना गेल्या असतील, हा विचार मी फार वेळ करत नाही, त्रास होतो.

जुन्या काव्यशास्त्राने हे सगळं फार व्यवस्थित मांडलं आहे. अकराव्या शतकातला काश्मीरचा मम्मट म्हणतो, की काव्य जन्माला यायला अंगची शक्ती हवी, जगाचं आणि शास्त्र-काव्याचं निरीक्षण करून आलेली जाण हवी, आणि जाणत्याकडे शिकून केलेला अभ्यास हवा. त्याची खरी गंमत पुढे आहे. हे तीन वेगवेगळे हेतू नाहीत, तिन्ही मिळून एकच हेतू, असं तो बजावतो. म्हणजे माझ्याकडे प्रतिभा आहे, अभ्यासाची गरज नाही, हे म्हणायची सोय त्याने ठेवलेली नाही. आपल्याकडच्या अनेक कविसंमेलनांत हा मम्मट दाराशी उभा करायला हवा.

पण कान तयार झाला म्हणून कविता होत नाही, नाहीतर प्रत्येक टाळकरी तुकाराम झाला असता. काहीतरी आदळावं लागतं. तुकोबांच्या बाबतीत तो 1630 च्या आसपासचा भीषण दुष्काळ होता. दुकानाचं दिवाळं निघालं, पहिली बायको अन्नावाचून गेली, मूल गेलं. नामदेवांच्या बाबतीत ते 1296 साल. आळंदीला ज्ञानदेवांनी समाधी घेतली. सोबत तीर्थयात्रा केलेला, वयाने लहान असलेला मित्र डोळ्यांदेखत नाहीसा झाला. नामदेवांच्या नावावरची 'आदि', 'तीर्थावळी' आणि 'समाधि' ही अभंगप्रकरणं म्हणजे मराठीतलं अगदी सुरुवातीचं चरित्रलेखन मानलं जातं. समाधीच्या प्रकरणात शोक आहे, पण तो आकांत करून थांबत नाही. कोण कोण आलं होतं, कुणी काय केलं, कोण कसं रडलं, असा तो एकेक पाहत जातो. दुःखातल्या माणसाला इतकं नीट पाहता कसं येतं? मला वाटतं, कीर्तनाची सवय असल्यामुळे. रोज उभं राहून लोकांना प्रसंग सांगणाऱ्या माणसाकडे, स्वतःवर प्रसंग आला तेव्हाही सांगण्याची रीत तयार होती.

दुष्काळ देहूत एकट्या तुकोबांवर पडला नव्हता. तेव्हा धक्क्यालाच प्रेरणा म्हणायचं आणि मोकळं व्हायचं, ही चूक होते. दुःखातून कविता जन्मते हे वाक्य अर्धंच खरं आहे. दुःखातून बहुतेक वेळा फक्त दुःख जन्मतं. ते ज्याच्या कानात आधीच माप आहे त्याच्यावर आदळलं, तर त्याला वाट मिळण्याची शक्यता असते.

तिसरी गोष्ट आपण सगळ्यांत कमी लेखतो, ती म्हणजे मागणी. कुणीतरी मागितलं म्हणून कविता झाली, असं म्हटलं की ती हलकी वाटायला लागते. पण मराठीची आद्य कवयित्री मानली जाणारी महदंबा गायला लागली ती मागणीवरूनच. ऋद्धिपुरात महानुभाव पंथाच्या गोविंदप्रभूंनी लग्नाचा खेळ मांडला आणि तिला धवळे गायला सांगितलं. लग्नात गायची गाणी ती, चाल ठरलेली. तिने रुक्मिणी-कृष्णाच्या विवाहाचे धवळे रचले, 1287 च्या सुमारास. मराठवाड्यात उर्दूची जी परंपरा वाढली, वली आणि सिराज या औरंगाबादच्या कवींची, तिच्यात तरही मुशायऱ्याची रीत आहे. आधीच एक ओळ ठरवून दिली जाते, आणि सगळ्यांनी त्याच वजनात, त्याच यमकात आपापली गझल बांधून आणायची. शाहिरांच्या कलगी-तुऱ्यात समोरचा फड सवाल टाकतो आणि उत्तर पद्यातच द्यावं लागतं, तेही रात्र सरायच्या आत. यांतल्या कुणीही 'मूड नाही' असं म्हटल्याचं ऐकिवात नाही.

तुकोबांचं स्वप्न या जातीचं आहे. मागणी करणारा कोण, तर तीनशे वर्षांपूर्वी गेलेला कवी. मागतो काय, तर त्याचं राहिलेलं. आणि संख्या बघा. नामदेवांच्या गाथेत आज अडीच हजारांच्या आसपास अभंग धरतात, तुकोबांच्या साडेचार हजारांच्या आसपास. दोन्ही मिळून सात हजार. शतकोटीचा हिशोब घालायला बसलं तर कारकून वेडा होईल. ही संख्या पुरी करण्यासाठी नव्हतीच. काम कधी संपणार नाही, उद्या उठून पुन्हा बसायचं आहे, एवढ्यासाठी ती होती. रोज बसणाऱ्या माणसाला सुचतं, आणि सुचेल तेव्हा बसू म्हणणाऱ्याला क्वचितच.

मग मामाचं मंगलाष्टक सुमार का? माप आहे, मागणी आहे, भाची सासरी चाललीय म्हणजे काळजाला चटकाही आहे. पण त्या चटक्याला मंगलाष्टकात जागाच ठेवलेली नाही. तिथे नावं यायची आणि आशीर्वाद यायचे. मामाला जे खरं वाटतंय ते तो मांडवामागे डोळे पुसत आटोपून घेतो. वाढदिवसाच्या, निवृत्तीच्या, उद्घाटनाच्या कविता याच कारणाने पडतात. मागणी आणि चटका यांची गाठ पडली नाही की नुसतं माप उरतं. भरलेलं, पण पोकळ.

आता तो मधला टप्पा, ज्याला आपण सुचणं म्हणतो. यावर जगभर बरंच लिहिलं गेलं आहे. फ्रेंच गणिती आंरी प्वांकारे याने सांगितलं आहे, की एक प्रश्न दिवसचे दिवस सुटत नव्हता, मग तो सहलीला गेला, आणि गाडीच्या पायरीवर पाय ठेवताना उत्तर आलं. ग्रॅहम वॉलस या इंग्रज अभ्यासकाने 1926 मध्ये याचे चार टप्पे पाडले. तयारी, मुरणं, उजळणं आणि पडताळणं. रिल्के या जर्मन भाषेतल्या कवीला 1912 साली एड्रियाटिकच्या काठावरच्या दुईनोच्या गढीपाशी, वाऱ्यात एक ओळ ऐकू आली म्हणतात. तिथून सुरू झालेली दहा शोकगीतं पुरी झाली 1922 मध्ये. आपण वाऱ्यातल्या ओळीचं कौतुक करतो आणि मधली दहा वर्षं सोडून देतो.

मुरायला अंतर लागतं, कधी काळाचं, कधी गावाचं. आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण इंद्रजित भालेराव. वसमत तालुक्यातलं रिधोरा हे त्यांचं गाव. 'पीकपाणी' हा त्यांचा संग्रह 1989 चा. त्यात औत आहे, पेरणी आहे, बाप आहे, राबणाऱ्या बाया आहेत. पण लिहिणारा माणूस परभणीला प्राध्यापकी करत होता. पुढच्या एका संग्रहाचं नाव तर त्यांनी 'दूर राहिला गाव' असंच ठेवलं. रानात वाकून काम करताना रान दिसत नाही, पाठ दिसते. तिथून उठून थोडं लांब गेल्यावर, पण कानात तीच बोली घेऊन गेल्यावर, ते बोलायला लागतं. कळमनुरीहून पुण्याला कामाला गेलेल्या पोरांनी कविता केल्या तर त्यांना गावाकडचं उगाच आठवत बसलाय म्हणून हिणवू नये. सामग्री गावाकडचीच असते, चूल मात्र परगावी पेटते.

हे सगळं प्रत्यक्षात कसं घडतं, ते एकदा ओळ हातात घेऊन पाहू. हिंगोली जिल्हा हळदीचा. हिवाळा सरता सरता हळद निघते, शिजवायची, उन्हात पसरून वाळवायची, मग ढोलात फिरवून पॉलिश करायची. त्या दिवसांत बायांचे हात पिवळे असतात. किराणा दुकानात सामान घेताना कुणीतरी थट्टा करतं, "काय गं, हळद लागली का?" आणि ती हसते. हे वाक्य कानात राहतं. का राहतं ते तेव्हा कळत नाही.

त्यावर कविता करायची म्हटलं की पहिली कल्पना काय येते? लग्नाची हळद आणि मजुरीची हळद. एक नवरीच्या अंगाला, एक मजुरणीच्या हाताला. ही कल्पना वाईट नाही, पण ती सगळ्यांनाच येते. पहिली कल्पना बहुधा आपली नसतेच, ती आजवर ऐकलेल्या भाषणांची असते. तिला बाजूला बसवायचं आणि थोडं थांबायचं. तेच हात घरी गेल्यावर काय करतील? स्वयंपाक. ज्वारीचं पीठ मळतील. मग पिठावर पिवळं उमटेल. इथे काहीतरी हललं. दोन हजार वर्षांपूर्वी पैठणच्या हाल सातवाहनाने माहाराष्ट्री प्राकृतातल्या सातशेएक गाथा गोळा केल्या, त्यात एक अशीच आहे. स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या काजळीच्या हाताचा डाग तिच्या गालाला लागतो, आणि नवरा हसून तिचा चेहरा चंद्राच्या जवळ नेऊन ठेवतो. चुलीपाशी पडलेला डाग हा या गोदेच्या मुलखात फार जुना विषय आहे, आपण त्याला नवीन नाही.

अभंगाचं माप घेऊ. सहा, सहा, सहा, चार. पहिला प्रयत्न असा होतो:

हळदीचे हात । पिठात घातले ।
पिवळे उठले । पाची ठसे ॥

अक्षरं बसली, यमक बसलं. आता हे ठसे कुणाला दिसले? बाईला नाही, तिला घाई आहे. शेजारी बसलेल्या लेकराला दिसतील.

लेकरू म्हणाले । हीच मला दे गं ।
हिला तुझा रंग । आला माय ॥

बरं आहे, पण 'दे गं' आणि 'रंग' यांचं यमक लंगडतं. कानाला खटकतं. मग शब्द हलवून पाहायचे. 'हीच दे गं मला' केलं तर पुढे 'आला' हवं, म्हणून 'हिला रंग आला', आणि उरतं 'तुझा माय'.

लेकरू म्हणाले । हीच दे गं मला ।
हिला रंग आला । तुझा माय ॥

हा बदल यमकासाठी केला होता. पण झालं असं, की 'तुझा' हा शब्द मोकळ्या सुटणाऱ्या चार अक्षरांत येऊन पडला आणि सगळा भार त्याच्यावर आला. आधी तो मध्येच दडला होता. हे मी ठरवून केलं असं म्हणणं खोटेपणा होईल, ते मापाने करवून घेतलं. कवी ज्याला प्रेरणा म्हणतात, त्यातला बराच भाग हा असा असतो. अडचण सोडवताना जास्तीचं हाती लागतं, आणि मागाहून आपण म्हणतो की ते आतून आलं.

अजून पडताळणं बाकी आहे. राजशेखर हा दहाव्या शतकाच्या सुरुवातीचा, यायावरीय कुळातला पंडित. त्याच्या एका पूर्वजाला महाराष्ट्राचा चूडामणी म्हणून गौरवलेलं आहे. राजशेखराने 'काव्यमीमांसे'त कवीच्या दिवसाचं वेळापत्रकच दिलं आहे. सकाळी अध्ययन, दुसऱ्या प्रहरी रचना, जेवणानंतर काव्यगोष्टी म्हणजे चार जाणत्यांत चर्चा, आणि चौथ्या प्रहरी सकाळी रचलेल्याची तपासणी. कारण रचण्याच्या भरात माणसाला चूक दिसत नाही. जास्तीचं काढायचं, कमी पडलेलं घालायचं, उलटसुलट झालेलं सरळ करायचं, विसरलेलं आठवायचं. प्रतिभेचेही तो दोन प्रकार करतो, एक रचणाऱ्याची आणि एक दाद देणाऱ्याची. दुसरीवाचून पहिली वाया जाते.

तर हळद शिजवणाऱ्या बाईच्या कानाने ही ओळ ऐकून पाहू. ती म्हणेल, धुतलेल्या हाताचा रंग पिठाला लागत नसतो. हातावर पिवळी झाक दिसते, पण ती सुटून पिठात उतरत नाही. ठसे उठायचे तर हातावर हळद असली पाहिजे, म्हणजे हात धुतलेच नसले पाहिजेत. तक्रार रास्त आहे. 'कवितेत चालतं' असं म्हणून ती उडवून लावणारे कवी पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या कवितेत बैल होळीला पेरणी करताना दिसतात. ओळ बदलली पाहिजे:

हळदीची घाई । हात ना धुतले ।
पिठात उठले । पाची ठसे ॥

आता 'पिवळे' हा शब्द गेला, आणि गेला ते बरंच झालं, हळद म्हटल्यावर पिवळं वेगळं सांगायची गरज नव्हती. 'घातले' गेलं, त्या जागी 'हात ना धुतले' आलं, आणि त्यात एक बाई आली, जिला घरी आल्यावर हात धुवायलाही उसंत नाही. लग्नाच्या हळदीची जी कल्पना बाजूला बसवली होती, तिच्यापेक्षा मजुरीबद्दल ही सहा अक्षरं जास्त बोलतात. ही दुरुस्ती कुठल्या आतल्या आवाजाने सुचवली नाही. ज्याला कामाची माहिती आहे त्याच्या शंकेने सुचवली. 'भाकरी' हा शब्द दोन्ही कडव्यांत कुठेच नाही. 'हीच' म्हटल्यावर ती कळते का, हे दोन-चार माणसांना म्हणून दाखवून पाहावं लागेल, आणि तेही मराठीच्या मास्तरांना नव्हे.

राहिलं शेवटचं कडवं. अभंगाच्या रीतीप्रमाणे त्यात नाममुद्रा येते. नामदेवांची 'नामा', जनाबाईंची 'जनी'. मुद्रा आली की कवी अभंगातून बाहेर येऊन उभा राहतो आणि स्वतःच्या तोंडाने काही म्हणतो. आजचा कवी मुद्रा घालत नाही, संकोचतो. पण या अभंगाला तिसरं कडवं हवं असेल तर ते म्हणायचं कुणी, हा प्रश्न आहे. लिहिणाऱ्याचं नाव तिथे शोभणार नाही, हात त्याचे नव्हते. त्या बाईचं नाव घालावं, तर तिला विचारून घालावं लागेल. हंगाम सरल्यावर ती मोकळी असेल तेव्हा विचारता येईल. तोवर दोन कडवी वहीत आहेत आणि तिसऱ्यासाठी सहा, सहा, सहा, चार अशा जागा सोडून ठेवल्या आहेत.